अण्णांच्या हातचं पाणी

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

माझा दादा रात्रीची गोळी माझ्याच हातून घेतो. अण्णांनी पाण्याचं भांडं पुढं केलं की तोंड मिटून घेतो. ८१ वर्षांचे अण्णा थरथरत्या हाताने ते भांडं धरून त्याच्या कॉटशी उभे राहतात. ते दोघं कळव्याला, मी वर्तकनगरला. रोज जेवणं आटोपली की मी त्या एका गोळीसाठी रिक्षा पकडते. पुलावर ट्रॅफिक लागला तर गोळी साडेदहाला.

दादा ५२ वर्षांचा आहे. २३व्या वर्षापासून स्किझोफ्रेनिया. ओपीडीच्या जुन्या केसपेपरवर कुणीतरी लिहून ठेवलंय, ‘वडील पाण्यातून विष देतील असा संशय.’ संशय आहेच, आणि तो आजाराचाच आहे. पण दादा सहावीत असताना मार्क कमी पडले की अण्णा त्याचं डोकं मोरीतल्या पिंपात दाबून धरायचे. मी दारात उभी राहून आकडे मोजायची. एकदा अकरापर्यंत गेले होते. हे केसपेपरवर नाही. २९ वर्षांत कुणी विचारलंच नाही, आणि विचारलं असतं तरी सांगणार कोण? माहिती द्यायला समोरच्या खुर्चीत कायम अण्णाच.

लहानपणची मारहाण, हेळसांड, अत्याचार यांचा सायकोसिसशी, म्हणजे भास-संशयाच्या अशा आजारांशी, संबंध दिसतो. २०१२ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, त्यात अशा मुलांना धोका साधारण पावणेतीनपट आढळला. म्हणून अण्णांनी हा आजार दिला असं मी म्हणणार नाही. तोच मार धाकट्यानेही खाल्ला, तो आज ऐरोलीत आयटीत आहे. रक्तातून येणारंही काही असतं. १९४८च्या सुमारास तर हा आजार आईच्या वागण्याने होतो असं डॉक्टरच म्हणू लागले होते. किती आया त्यात होरपळल्या असतील. ते मला परत नको.

पण आज घरात काय चालतं, ते तरी बघाल? टोमणे, चिडचिड, नको इतकी काळजी असलेल्या घरात पेशंट लवकर पुन्हा आजारी पडतो, हे लंडनचे संशोधक जॉर्ज ब्राउन यांच्या कामापासून माहीत आहे. घरच्यांना बसवून नीट शिकवलं तर ते प्रमाण कमी होतं, हेही. आम्हाला मिळालं ते एवढंच: ‘गोळ्या चुकवू नका, टेन्शन देऊ नका.’

‘ठाण्याला पाठवा’ म्हणून अख्खा महाराष्ट्र हसतो. १९०१पासून इथे मनोरुग्णालय आहे ना! आम्ही तर ठाण्यातच राहतो, तरी २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने दादाला साध्या कागदावर लिहून आपला प्रतिनिधी निवडता येतो, आणि तो बापच असायला हवा असं नाही, हे मला कुणी सांगितलं नाही. मोबाइलवर वाचून कळलं. कलम १९ म्हणतं, ज्याला घरी राहणं शक्य नाही त्याला सरकारने आधार द्यावा, हाफवे होम, म्हणजे हॉस्पिटल आणि घर यांच्या मधली राहायची सोय, उभारावीत. त्याची चौकशी करत मी तीन खिडक्या फिरले. प्रत्येकीने पुढची दाखवली.

साहेब, निदान एवढं करा. पेशंटशी पहिली पंधरा मिनिटं एकट्याशी बोला, घरच्यांना बाहेर बसवून. लहानपण विचारा. घरच्यांसाठीही एक वार ठेवा, तोही संध्याकाळचा. सकाळी खाडा केला की आमचा पगार कापतात. आणि मी पडले तर दादाने कुठे राहायचं, तो पत्ता आत्ताच सांगून ठेवा.

गेल्या महिन्यात जिन्यात अण्णांनी मला थांबवलं. म्हणाले, “त्याला ते पिंप आठवतं का गं?” मी चपला घालत राहिले. घरी येऊन १४४१६ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावला आणि नुसती रडले.

अण्णांनाही कुणाशी तरी बोलायचंय. त्यांच्यासाठी केसपेपर कुठल्या खिडकीवर काढू, ते कळवावे.

आपली,
वर्तकनगरची एक बहीण