मागच्या परड्यातलं अंतराळ स्थानक

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

फोनवर माझ्या सिनेमाच्या कामाचा विषय काढला की बाबा "बरं, जेवलीस का?" विचारतात आणि बोलणं तिथेच खुंटतं, म्हणून लिहायला बसले.

परवा एक सिनेमा पाहिला. नाव 'लव्ह', पण आई, तुला वाटतंय तसलं त्यात काही नाही. २०११ चा आहे, विल्यम यूबँक या अमेरिकन दिग्दर्शकाचा पहिलाच. २०३९ सालची गोष्ट. ली मिलर नावाचा अंतराळवीर ओस पडलेल्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात एकटाच राहायला जातो. मग खालून निरोप येतो की, सध्या तुला परत आणता येत नाही. पुढे निरोपही थांबतात. शत्रू नाही, मारामारी नाही. आधीच्या अंतराळवीरांचे पोलरॉइड फोटो तिथे राहिलेले असतात, त्यांच्याशी हा गप्पा मारतो. वीज दगा देते, ती दुरुस्त करायला जातो. शेवटी शेवटी दिग्दर्शक तत्त्वज्ञानात शिरतो आणि मला जांभया आल्या, ते सोडा.

मला सांगायचंय ते वेगळंच. सिनेमा साधारण ५ लाख डॉलरमध्ये झाला. 'ग्रॅव्हिटी' या हॉलिवूडच्या अंतराळपटाला १० कोटी डॉलर लागले होते! आणि यूबँकने ते स्थानक उभं केलं कुठे, तर आई-वडिलांच्या घरामागच्या अंगणात. सामानसुमान हलवताना गुंडाळतात त्या जाड गोधड्या, एमडीएफचे (लाकडाचा भुसा दाबून केलेले) तक्ते, पिझ्झा गरम ठेवायच्या पिशव्या, वेल्क्रो, ख्रिसमसच्या दिव्यांच्या माळा, असलं मिळेल ते. सेटवर काम करते ना मी, त्यामुळे सिनेमा थांबवून थांबवून सांधे शोधत होते. फार थोडे सापडले. खरं स्थानकही आतून काही चकचकीत नसतं. चारी बाजूंना वायरी, पिशव्या, आणि वस्तू तरंगत जाऊ नयेत म्हणून जागोजागी वेल्क्रो. पसारा जितका खरा तितकं ते पटतं. बाबा, पसाऱ्याच्या बाबतीत माझा हात कोण धरणार?

तर मुद्द्यावर येते. आम्ही चौघं मिळून एक लघुपट करतोय. यानात अडकलेली एक बाई, एकच खोली, एकच नटी. मुंबईत स्टुडिओतल्या फ्लोअरचं एका शिफ्टचं भाडं ऐकलं तर बाबा परत "बँकेची परीक्षा दे" म्हणतील. म्हणून दिवाळीनंतर आपल्या परड्यातली पत्र्याची शेड हवी आहे. तरंगायचं कसं, याचं उत्तरही आहे: नटीला फ्रेमबाहेरच्या फळीवर पोटावर झोपवायचं, फळी दोघांनी हळूहळू झुलवायची आणि कॅमेरा तिरका धरायचा. फळीवर बसवायला तुमचा जुना शिंप्याकडचा फोम चालेल का, बघून ठेवा.

आई, तुझी काळजी मला इथून दिसते. नारळाला हात लावणार नाही. यूबँकच्या सिनेमात अमेरिकेच्या यादवी युद्धाचे प्रसंगसुद्धा आहेत, आमच्यात तसलं काही नाही. मी एक खड्डाही खणणार नाही, तुझी अळूची पानं शाबूत राहतील. विजेचं बिल आमचं. शेजारच्या काकूंना आधीच सांगून ठेव, नाहीतर रात्री निळा उजेड बघून पोलीस बोलावतील. आणि दादासाहेब फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंसारखा अख्ख्या युनिटचा स्वयंपाक तू करावास असं मुळीच नाही, डबे बाहेरून येतील. (एकदा तुझा तांबडा रस्सा मात्र मी कबूल करून बसलेय.)

बाबा, ही नोकरी नाही हे मला ठाऊक आहे. तुम्ही ते फोनवर सांगता तेव्हा मी गप्प बसते, कारण भांडायला तुम्ही समोर हवेत. या वेळी मी तिथेच असेन, रोज भांडू. आणि दिवसभर करवत चालवताना बघितलंत तर कदाचित तुम्हीच येऊन "अशी नाही, अशी धर" म्हणाल.

शेडची उंची मोजून कळवा. पन्हाळीपासून नको, आतून, मधल्या वाशाखाली.

तुमची,
मनू