खाली हॉल, वर म्हातारे

संपादक महोदय,
स. न.

कॉन्व्हेंटच्या जागेवर ज्येष्ठांसाठी घरं बांधणार, ही कालच्या अंकातली बातमी वाचली. सोबतचं संकल्पचित्र भिंग लावून पाहिलं. आधी एक दुरुस्ती. आपण मथळ्यात 'कॉन्व्हेंट शाळेच्या जागी' असं छापलंय. तिथे शाळा कधीच नव्हती. सिस्टर, म्हणजे ख्रिस्ती जोगिणी, राहायच्या आणि मागच्या खोलीत शिवणवर्ग चालायचा. इंग्रजी शाळेला कॉन्व्हेंट म्हणायची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे, पण ठाण्यातल्या वर्तमानपत्राने निदान गल्लीत डोकावून यायला हरकत नव्हती.

तिथे टॉवर न येता ज्येष्ठांची घरं येतायत, याचा आनंद आहे. मग तळमजल्यावर 'बहुउद्देशीय सभागृह' आणि आमच्या खोल्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर, हे डोकं कोणाचं? शेजारचा मुलगा म्हणाला, "काकू, लिफ्ट आहे ना!"

लिफ्ट आमच्याकडेही आहे. चरईतली जुनी इमारत, लिफ्ट मागाहून बसवलेली, चार माणसांची. दोन वर्षांपूर्वी हे न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं. ॲम्ब्युलन्सवाले स्ट्रेचर घेऊन वर आले खरे, पण जिन्याने. लिफ्टमध्ये ते आडवं मावेना, आणि उभं करावं तर माणूस कळवळतोय. शेवटी आमच्याच गॅलरीतली प्लॅस्टिकची खुर्ची घेतली, ह्यांना चादरीने तिला बांधलं आणि चौघांनी चौथ्या मजल्यावरून खाली आणलं. प्रत्येक वळणावर खुर्ची तिरकी करायची, की हे ओरडायचे. दारादारांत माणसं उभी. मी मागून ह्यांच्या चपला घेऊन उतरत होते. त्या पायाला चपला कशाला लागणार होत्या, देव जाणे! ऑपरेशननंतर दीड महिना आम्ही मुलीकडे डोंबिवलीला काढला, कारण तिचं घर तळमजल्यावर आहे.

महारेराने, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२४ साली ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम काढले. दारं किमान ९०० मिलिमीटर रुंद हवीत, न्हाणीघरात धरायला दांडे हवेत. उत्तम आहे. पण कोण कुठल्या मजल्यावर राहणार, हे तर नकाशा काढणाऱ्याला कळायला हवं ना?

सिस्टरांना ते कळत होतं. १९७४-७५ साली मी तिथे शिवण शिकायला जात असे. आम्हाला कटिंग शिकवणाऱ्या सिस्टर वसईच्या, बोलायला फटकळ. काज वाकडं झालं तर सगळं उसवायला लावत. पुढे त्यांचे गुडघे गेले, तेव्हा कोणी त्यांना वर ठेवलं नाही. त्यांची खाट व्हरांड्यालगतच्या खोलीत आणली आणि वरचा मजला तरण्या सिस्टरांना दिला. खाटेवरून थेट फाटक दिसायचं. कोण उशिरा आलं ते त्या पडल्या पडल्या बघत आणि नाव घेऊन हाक मारत. भाजीवाली, पोस्टमन, सगळे खिडकीशी थांबून दोन शब्द बोलून जात. तिसऱ्या मजल्यावर कोण थांबणार हो?

तेव्हा सभागृह वर न्यावं. योगवर्गाला आणि बारशाला येणारी मंडळी दोन जिने चढू शकतात. आणि ते संध्याकाळी डीजेवाल्यांना भाड्याने देणार असाल, तर आत्ताच सांगून टाका. कार्यक्रमांसाठी ठाण्यात गडकरी रंगायतन आहे, घाणेकर नाट्यगृह आहे. आमच्या उशाखालीच आणखी एक कशाला?

ज्येष्ठांच्या सोयींचा विषय निघालाच आहे, तर रेल्वेचंही लिहिते. पुरुषांना साठीनंतर ४० टक्के आणि आम्हा बायकांना ५८ व्या वर्षापासून ५० टक्के सवलत मिळत असे. मार्च २०२० मध्ये करोनाचं निमित्त करून ती काढून घेतली. त्यावर आपल्या अंकात चार ओळी आल्या, त्याही आतल्या पानावर, राशिभविष्याच्या खाली. हे पत्र निदान त्याच्या वर छापावं.

आपली,
एक ज्येष्ठ वाचक
चरई, ठाणे (प.)