लिफ्ट उचलत नाही, म्हणून लगेच ट्रॅक्टर फोडू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या कृषी पुरवणीत जुन्या ट्रॅक्टरांवरचा लेख वाचला. तेलाच्या दाबावर मागचे अवजार उचलणारी हायड्रोलिक लिफ्ट उचलेनाशी झाली किंवा गिअर सुटू लागला की ट्रॅक्टरचे दिवस भरले, तो मोडीत काढावा, असा त्याचा एकूण सूर आहे. याच कामात आयुष्य गेलेला फिटर म्हणून मला तो मान्य नाही. ज्याचे पोट त्या एका ट्रॅक्टरवर आहे, त्याला असा सल्ला देताना बिघाड नेमका कुठे आहे हे आधी विचारायला हवे होते.

माझ्याकडे येणारे कितीतरी ट्रॅक्टर आधीच कुणीतरी उघडलेले असतात. पंप नवा, सीलचा संच नवा, आणि लिफ्ट होती तशीच. पाना आधी लावला आणि विचार नंतर केला की असेच होते.

पहिली तपासणी तेलाची. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स आणि हायड्रोलिक एकाच तेलावर चालतात. ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करा, लिफ्ट पूर्ण खाली सोडा, इंजिन बंद करा आणि मग पातळी पाहा. तेल दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे. नुसते तेल बदलून भागत नाही, पाणी शिरले कुठून ते शोधावे लागते. गिअरच्या दांड्याचे रबर फाटलेले असते आणि ट्रॅक्टर पावसात उभा असतो, हे मी फार वेळा पाहिले आहे. तेलाला फेस येत असेल तर पंप हवा ओढतोय, म्हणजे पातळी कमी आहे किंवा पंप जिथून तेल ओढतो त्या बाजूची ओ-रिंग, म्हणजे सांधा बंद ठेवणारे रबरी कडे, गेली आहे. पंप रडल्यासारखा आवाज करत असेल तर आधी तेल गाळणारी जाळी काढून धुवा. चोंदलेल्या जाळीपायी बदललेले चांगले पंप मी पाहिले आहेत, आणि त्याचे मला खरोखर वाईट वाटते.

त्यानंतर मालकाला विचारायचे की लिफ्ट नेमकी केव्हा दगा देते. अवजार वर घेतल्यावर ते जरा खाली बसते, पुन्हा उचलले जाते, पुन्हा बसते, असे झटके येत असतील आणि इंजिन बंद करताच अवजार भराभर खाली येत असेल, तर दाबाचे तेल कुठेतरी निसटते आहे. पिस्टनची रिंग, सिलिंडरचे गॅस्केट, सेफ्टी वॉल्व्ह, नाहीतर तेलाची वाट उघडबंद करणारा कंट्रोल वॉल्व्ह. इथे पंपाला दोष देऊ नका. खाली बसलेले अवजार दर वेळी पुन्हा वर नेतो तो पंपच ना? थंड असताना चांगली उचलते आणि तासाभराच्या नांगरटीनंतर उचलत नाही, अशी तक्रार असेल तर मात्र पंपाची किंवा वॉल्व्हची झीज धरावी. गरम तेल पातळ होते आणि झिजलेल्या फटींतून निसटते. तेल मुळातच चुकीच्या, पातळ ग्रेडचे भरले असेल तरी हेच दिसते.

अंदाज खरा की खोटा हे ठरवतो प्रेशर गेज. या यंत्रणा साधारण दीडशे ते दोनशे बार (बार हे दाबाचे माप) एवढ्या दाबावर चालतात, म्हणून 300 बारपर्यंतचा गेज घ्यावा आणि ट्रॉली उलटवण्यासाठी (टिपिंग) जिथून दाबाचे तेल घेतात त्या तोंडाला जोडावा. तोंड बंद असतानाही दाब चढला नाही तर दोष पंपाचा किंवा जास्तीचा दाब सोडून देणाऱ्या रिलीफ वॉल्व्हचा. दाब पुस्तकात दिलाय तेवढा चढतो आणि तरी नेहमीचे वजन उचलले जात नाही, तर पंपाला हात लावू नका. दोष पुढे सिलिंडरमध्ये किंवा लिफ्टच्या अडकलेल्या शाफ्टमध्ये आहे. गळती शोधताना पाइपवरून हात कधीही फिरवू नये, पुठ्ठा फिरवावा. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून येणारी धार कातडी फोडून तेल आत घालते. जखम बारीक दिसली तरी त्याच वेळी दवाखाना गाठावा लागतो.

ट्रॅक्टर कोणत्या जातीचा आहे हेही पाहावे लागते. ट्रॅक्टरची लिफ्ट घडवणारे अभियंते हॅरी फर्ग्युसन यांच्या पद्धतीत पंप गिअरबॉक्सच्या पोटात, तेलात बुडालेला असतो आणि कंट्रोल वॉल्व्ह पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. तेल वर जाते की नाही हे पंपात शिरण्याआधीच ठरते. 1946 ते 1956 या काळात तयार झालेल्या फर्ग्युसनच्या टीई 20 ट्रॅक्टरवर तर पीटीओचा (मागच्या यंत्राला फिरती ताकद देणाऱ्या शाफ्टचा) दांडा सुटलेला असेल तर पंपच फिरत नाही. इंजिनला गिअर पंप लावलेल्या ट्रॅक्टरात गोष्ट वेगळी. तिथे तेल सतत फिरत असते आणि काम नसले की टाकीत परत जाते. एकाचे ज्ञान दुसऱ्यावर चालवले की बिघाड सापडत नाही. कधी कधी तर बिघाडच नसतो. ड्राफ्टचा, म्हणजे अवजारावरच्या ओढीप्रमाणे लिफ्ट वर-खाली करणारा, दांडा चुकीच्या जागी असतो, आणि लिफ्ट गेली म्हणून ट्रॅक्टर ओढत आणलेला असतो.

आता गिअरबॉक्स. गिअर टाकताना करकर येते आणि गिअर चालता चालता सुटतो, या दोन तक्रारी लोक एकत्र सांगतात. त्यांची कारणे निराळी आहेत. करकर बहुतेक वेळा क्लच पूर्ण सुटत नसल्याची असते. पेडलची मोकळीक पुस्तकाप्रमाणे आहे का ते आधी पाहा. उलट क्लच घसरतो अशी शंका असेल तर ब्रेक घट्ट दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडले पाहिजे. फिरत राहिले तर क्लच घसरतोय. क्लचच्या घराच्या तळाच्या भोकातून काळे, पातळ तेल गळत असेल तर इंजिनचे मागचे सील गेले आहे. जाड, उग्र वासाचे असेल तर गिअरबॉक्सचे. हे न पाहता नवी प्लेट घातली की तीही तेलाने माखते.

सुटणाऱ्या गिअरसाठी सर्वांत आधी दांड्याच्या रॉडवरचा, गिअर जागेवर धरून ठेवणारा छर्रा आणि स्प्रिंग तपासा. बऱ्याच ट्रॅक्टरांत वरचे झाकण काढून ते काम होते. मग गिअर सरकवणारा फोर्क, आणि शेवटी दातऱ्यांची व बेअरिंगची झीज. न्यूट्रलमध्ये येणारा आवाज क्लच दाबताच थांबला तर गिअरबॉक्समधली बेअरिंग, दाबल्यावर सुरू झाला तर क्लच बेअरिंग. ड्रेन नटाच्या चुंबकावर बारीक राखाडी लगदा असणे साधारण आहे. नखाला लागणारे तुकडे निघाले तर ट्रॅक्टर त्याच दिवशी उभा करा.

एवढे करून खरेच ट्रॅक्टर फोडायची, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांपासून वेगळे करायची वेळ आली, तर पुढच्या आसाच्या दोन्ही बाजूंना पाचरी ठोकल्याशिवाय बोल्ट सोडू नयेत. पुढचा आस मधल्या पिनवर झुलतो, त्यामुळे वेगळा झालेला इंजिनचा भाग बाजूला कलंडतो, आणि तो हातांनी आवरत नाही.

तेलाबाबतही लेखात एक ओळ हवी होती. जुन्या गिअरबॉक्समध्ये पितळी बुश असतात, आणि प्रत्येक जीएल-5 (गिअर तेलाचा एक दर्जा) तेल पितळाला मानवतेच असे नाही. ब्रेक त्याच तेलात बुडालेले असतील तर ट्रॅक्टरसाठीचे यूटीटीओ, म्हणजे गिअर, हायड्रोलिक आणि ब्रेक या सगळ्यांना चालणारे तेलच लागते. डब्यावरचा नुसता 90 नंबर, म्हणजे जाडपणा, पाहून भरले की ब्रेक कर्कश ओरडतात.

माझी विनंती एवढीच की नव्या ट्रॅक्टरांच्या माहितीइतकीच जागा पुरवणीत दुरुस्तीलाही द्यावी. उत्पादकांनी वर्कशॉप मॅन्युअल मराठीत द्यावे, ही मागणीही आपण उचलून धरावी. दाब किती, मोकळीक किती, बोल्ट किती कसायचा हे आकडे फिटरच्या हातात नसतात, म्हणून तो अंदाजाने कसतो. पुरवणीत जागा मिळाली तर क्राउन-पिनियनच्या, म्हणजे मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गिअरजोडीच्या, शिमबद्दल (मोकळीक जुळवणाऱ्या पातळ चकत्यांबद्दल) मी वेगळे लिहून पाठवीन.

आपला,
एक वाचक आणि ट्रॅक्टर फिटर