पावणेचार वर्षं नगरसेवकाविना

मुंबई,
21 डिसेंबर 2025

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "पालिकेची निवडणूक लागली ना रे, आता तरी खूश?" तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून लिहायला बसलोय.

15 जानेवारीला मतदान आहे, खरंय. याआधी पालिकेसाठी मत दिलं ते फेब्रुवारी 2017 मध्ये. तू तेव्हा चाळीतच होतास, आपण दोघांनी काकूंना हाताला धरून केंद्रावर नेलं होतं. त्या सभागृहाची मुदत 7 मार्च 2022 ला संपली. तेव्हापासून 227 पैकी एकाही वॉर्डाला नगरसेवक नाही. आयुक्त हेच प्रशासक. खर्चाचा प्रस्ताव आणणारे तेच, आणि स्थायी समितीच्या, सभागृहाच्या जागी बसून मंजूर करणारेही तेच. यंदाचं बजेट 74,427 कोटींचं! त्यावर सभागृहात उभं राहून प्रश्न विचारायला आपण निवडून दिलेला एकही माणूस नव्हता.

आणीबाणी लागली तेव्हा रेडिओवर कळलं तरी, असं बाबा सांगायचे. इथे काहीच जाहीर झालं नाही. दर वेळी एक कारण होतं आणि कागदावर ते रास्तच दिसायचं. ओबीसी आरक्षण कोर्टात. एका सरकारने वॉर्ड 227 चे 236 केले, दुसऱ्याने परत 227. मग याचिका, मग पुढची तारीख. मुदत संपली तेव्हा सरकार एका बाजूचं होतं, नंतर दुसऱ्या बाजूचं आलं, त्यामुळे कुणा एकाच्या नावाने बोटं मोडून मला मोकळं होता येत नाही. मधे 2024 मध्ये याच मुंबईत लोकसभा झाली, विधानसभा झाली. पालिकेची तेवढी राहिली. मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या, असं घटनेच्या 243 यू कलमात लिहिलेलं आहे रे! मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने चार आठवड्यांत अधिसूचना काढायला सांगितलं, तरी पुढे 31 जानेवारी 2026 पर्यंत मुदत वाढवून घेतलीच.

पावसाळ्यात आपल्या नळाला गढूळ पाणी येत होतं. मी ते काचेच्या बाटलीत भरून पालिकेच्या कचेरीत नेलं. तळाला बोटभर गाळ. खिडकीतला माणूस भला होता. त्याने बाटली उजेडात धरून पाहिली, तक्रार नोंदवली, नंबर दिला आणि म्हणाला, "साहेबांकडे पाठवतो." आठवतं, पूर्वी आपण रात्री जेवण उरकून कोपऱ्यावरच्या ऑफिसात जायचो? तो नगरसेवक आपल्या पक्षाचा नव्हता, तुझं तर त्याच्याशी कडाक्याचं भांडण झालेलं. तरी सकाळी इंजिनिअरला घेऊन गल्लीत हजर असायचा, कारण पुढच्या खेपेला आपल्याच दारात हात जोडून उभं राहायचंय हे त्याला माहीत होतं. साहेबांना आपलं दार कुठलं ते ठाऊक असायचं कारणच नाही. लाइन पंधरवड्याने दुरुस्त झाली. पण ते पंधरा दिवस जाब कुणाला विचारायचा, हे कळत नव्हतं. ते अजून डाचतंय.

परवा सीएसएमटीला उतरलो आणि पालिकेसमोर फिरोजशहा मेहतांच्या पुतळ्यापाशी उभा राहिलो. मुंबईच्या पालिका कारभाराचे जनक म्हणतात त्यांना. 1872 च्या कायद्याने इंग्रजांच्या राज्यातसुद्धा इथल्या करदात्यांना आपले काही सभासद निवडता यायला लागले होते. पुतळ्याकडे बघवेना.

सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. शेजारची धाकटी, आता एकवीस वर्षांची, तिने परवा विचारलं, "काका, नगरसेवक नक्की करतो काय?" ती अठराची झाली तेव्हापासून तिने नगरसेवक पाहिलेलाच नाही. तिला सांगताना माझा आवाज चढला. मग तुझ्या गावच्या ग्रामसभेत त्या विहिरीवरून रात्री अकरापर्यंत चाललेली भांडणं तिला सांगितली. ऐकत बसली.

यादीत तिचं नाव शोधलं, आहे. आमचं केंद्र एकच आहे. 15 तारखेला सकाळी सातलाच निघायचं ठरलंय.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच