रान साफ करायला छोटा ट्रॅक्टर घेताय? एचपी नंतर, आधी उतार बघा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला आणि तेव्हापासून मला मुंबई-पुण्याहून फोन यायला लागलेत, सगळ्यांचा प्रश्न एकच, भाऊ गावची जमीन पडून आहे, रान माजलंय, साफ करायला छोटा ट्रॅक्टर घेतोय तर किती एचपीचा घेऊ? प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा आपल्या पेपरातून लिहावं, कारण या एका चुकीच्या प्रश्नापायी लोकांचे पाच-सहा लाख जातातच, पण जमीनही जाते. माझी गेलीय थोडी, म्हणून एवढं पोटतिडकीनं लिहितोय.

आमची लांजा तालुक्यात सहा एकर वरकस जमीन. आजोबा असताना तिथं नाचणी-वरी व्हायची, नंतर सगळे मुंबईला, आणि पंचवीस वर्षांत तिचं जंगल झालं. ऐन, किंजळ, कुंभा, मधे मधे जांभूळ, आणि खाली करवंदाच्या जाळ्या, घाणेरी, रानमोडी अशी की माणूस आत शिरत नाही. 2016 साली मी गावी आलो तेव्हा घाई होती, काजूची कलमं लावायची होती, म्हणून सरळ जेसीबी बोलावला. दोन दिवसांत सगळं चकाचक, लाल माती उघडी, मी फोटो काढून नातेवाईकांना पाठवले. मग जून आला. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो हे शाळेत शिकलेलं असतं, पण तो उघड्या उतारावर पडल्यावर काय करतो ते मी तेव्हा बघितलं. आमची काकी पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, उभी राहून हाका मारत होती, "अरे बाबा, तुझी माती चालली रे पऱ्यातून!" पाणी नुसतं लालभडक. गणपतीपर्यंत वरच्या अंगाला जांभा दिसायला लागला आणि लावलेल्या 120 कलमांतली निम्मीसुद्धा जगली नाहीत. साडेसात टनाचं यंत्र आहे ते, बकेटनं मुळासकट खरवडतं, वरची वीतभर माती जी पंचवीस वर्षांच्या पाल्यानं तयार झाली होती ती पहिल्या झटक्यात ढिगात गेली, आणि जिथं चाकं फिरली तिथली जमीन दाबून फरशीसारखी झाली. चालवणाऱ्या पोराची काही चूक नव्हती, मी सांगितलं तसं त्यानं केलं. रस्ता काढायला, विहीर-शेततळ्याला जेसीबी हवाच, पण उतारावरचं रान त्याच्या हातात देऊ नये.

तर छोटा ट्रॅक्टर इथं कामाचा आहे तो यासाठी की तो साडेसहाशे ते हजार-अकराशे किलोचा असतो, झाडांच्या मधून जातो आणि हळूहळू काम करतो. हळूहळू हे महत्त्वाचं. एका वर्षी एकरभर जाळ्या काढायच्या, मोठी झाडं ठेवायची, पाला तिथंच कुजवायचा, पुढच्या वर्षी पुढचा तुकडा.

झाडांवरून आधी एक सांगतो. आपल्या राज्यात 1964 चा झाडं तोडण्याबद्दलचा कायदा आहे आणि त्याच्या यादीत ऐन, किंजळ, साग, खैर, हिरडा, जांभूळ, फणस, आंबा ही सगळी येतात, स्वतःच्या मालकीची असली तरी परवानगी लागते. सातबाऱ्यावर खाजगी वनाची काही नोंद आहे का तेही तलाठ्याकडे बघून घ्या, ट्रॅक्टर बुक करायच्या आधी. पण कायदा बाजूला ठेवला तरी ऐन-किंजळ तोडू नका असंच मी म्हणेन, ज्या बाजूला मी ती ठेवली तिथं आज माती आहे आणि कलमं पण आहेत.

आता ट्रॅक्टर. बाजारात या वर्गात बरेच आहेत, महिंद्राचा जिवो 245, त्यांचीच 2023 ला आलेली ओजा मालिका, कुबोटाचा निओस्टार, व्हीएसटी, कॅप्टन, सोनालिकाचे छोटे. दुकानात गेलं की पहिलं एचपी सांगतात, 15, 18, 24, 27. एचपीनं फार फरक पडत नाही असं नाही, पण आधी जमिनीवर उभं राहून उतार बघा. माझं माप साधं आहे, जिथून डोक्यावर भरलेलं घमेलं घेतलेली बाई सरळ वर चढू शकत नाही तिथं मी ट्रॅक्टर नेत नाही, तिथं कोयता आणि ग्रासकटर. त्यापेक्षा कमी उतार असेल तर फोर व्हील ड्राइव्हच घ्या, यात तडजोड नको. मी पहिला जुना टू व्हील ड्राइव्ह घेतला होता, स्वस्तात मिळाला म्हणून, आणि सुक्या पाल्यावरून खाली उतरताना ब्रेक मारल्यावर मागची चाकं नुसती घसरत गेली. लोकांना वाटतं फोर व्हील चढायला लागतं, अहो ते उतरायला जास्त लागतं, कारण पुढची चाकं गिअरमध्ये जोडलेली असली की इंजिन चारही चाकांना धरून ठेवतं. खाली उतरताना लो गिअर, क्लचवर पाय नाही, न्यूट्रल तर कधीच नाही. आणि उताराला आडवं चालवायचं नाही, सरळ वर सरळ खाली, जिथं वळायला जागा नाही तिथं रिव्हर्सनं वर चढायचं.

चाकांमधलं अंतर वाढवता येतं का ते विचारा. बागेच्या ट्रॅक्टरची जाहिरात करताना तो किती अरुंद आहे ते सांगतात, द्राक्षाच्या ओळीत ते बरोबर आहे, नाशिक-सांगलीकडे सपाट जमीन आहे, पण आपल्या उतारावर अरुंद ट्रॅक्टर म्हणजे कलंडायची भीती. आम्ही चाकं बाहेर घेतलीत आणि मागच्या टायरात पाणी भरलंय, वजन खाली राहतं. मागे लोखंडी कमान असते ना, ट्रॅक्टर उलटला तर माणूस चेपू नये म्हणून, ती घडी होणारी घ्या म्हणजे फांद्यांखालून जाता येतं. कमान उभी असेल तर पट्टा बांधायचाच, आणि घडी केलेली असेल तर पट्टा बांधायचा नाही, कारण मग उलटताना माणसाला उडी मारता आली पाहिजे. हे मला ट्रॅक्टर विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं.

खुंट काढायचा प्रसंग सांगतो, कारण यात माणसं मरतात. तिसऱ्या वर्षीची गोष्ट, एका मेलेल्या कुंभ्याचा मांडीएवढा खुंट होता, मी साखळी बांधली ती मागच्या टॉप लिंकच्या, म्हणजे अवजार जोडायच्या वरच्या दांडीच्या, जागी, म्हटलं उंचावरून ओढ चांगली बसेल. क्लच सोडला आणि क्षणात पुढची चाकं जमिनीवरून उचलली गेली, माझ्या समोर बॉनेट आणि त्याच्या वर नुसतं आभाळ. नशिबानं साखळीची कडी सरळ झाली आणि सुटली, पुढचा भाग धाडकन खाली आला. आमचा गडी बाजूला उभा होता, तो नुसता पांढराफटक. दोन-तीन मिनिटं कुणी काही बोललं नाही. मागून कळलं की चाकांना पुढे जाता आलं नाही की ट्रॅक्टर मागच्या आसाभोवती स्वतःच फिरतो आणि मागे उलटायला जेमतेम सेकंद लागतो, क्लच दाबायला वेळच मिळत नाही. साखळी फक्त खालच्या ओढ-हुकला, आसाच्या खाली. आणि खरं म्हणजे मोठा खुंट ट्रॅक्टरनं काढूच नये, आम्ही आता भोवती खणून मुळं कुऱ्हाडीनं तोडतो आणि चेन पुली लावतो, किंवा सरळ जमिनीलगत कापून कुजू देतो. काजूच्या दोन कलमांत एक खुंट राहिला तर काही बिघडत नाही, शिवाय ती मुळं माती धरून ठेवतात.

मागे जोडायच्या अवजारांत दुकानदार रोटाव्हेटर गळ्यात मारतात. जांभ्याच्या दगडात त्याची पाती एका दिवसात जातात आणि उतारावरची माती सैल होऊन पावसाच्या हवाली होते, म्हणून रानासाठी तो नकोच. आम्हाला सगळ्यात उपयोगी पडला तो स्लॅशर, अंगठ्याएवढ्या जाडीपर्यंतच्या फांद्या, घाणेरी, रानमोडी, गवत सगळं कापून तिथंच पसरतो. त्यासाठी पीटीओला, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याला, किती एचपी मिळते ते विचारा, इंजिनाची एचपी वेगळी आणि पीटीओची दोन-तीन तरी कमी असते, 24 चा असेल तर 21-22 धरा. 15 एचपीवर गवत निघतं पण घाणेरीच्या जाळीत तो दम टाकतो. आणि एक बारीक गोष्ट, स्लॅशरचं जड पातं फिरत असताना तुम्ही क्लच दाबला तरी काही ट्रॅक्टरमध्ये ते पातंच ट्रॅक्टरला पुढे ढकलत राहतं, समोर गडगा किंवा घळण असेल तर काय होईल विचार करा. पीटीओचा क्लच वेगळा आहे का विचारा, नसेल तर शाफ्टला ओव्हररनिंग क्लच बसवून घ्या, म्हणजे पातं फिरत राहिलं तरी ट्रॅक्टरला ढकलत नाही, फार महाग नाही.

अवजार उचलणाऱ्या मागच्या लिफ्टची क्षमता 750 किलो असं छापलेलं असतं, ती खालच्या दांड्यांच्या टोकाशी मोजलेली असते, अवजार जितकं मागे लांब तितकं कमी उचलतं आणि तितका पुढचा भाग हलका होतो. पुढे वजनं लावायची सोय आहे ना ते बघा.

गड्यांना एक सवय लावली ती सांगण्यासारखी आहे. करवंदं, कुडा कोयत्यानं तोडताना हात तिरका चालतो आणि मागे भाल्यासारखं टोकदार खुंट राहतं, पंधरा दिवसांत ते सुकून खिळ्यासारखं होतं. आमचं पहिल्या हंगामात चार वेळा टायर पंक्चर झालं, पाणी भरलेलं टायर, दुरुस्तीला लांज्याला न्यायचं म्हणजे दिवस गेला. आता जिथं ट्रॅक्टर जाणार तिथं सगळं आडवं, जमिनीला टेकून कापायचं, ग्रासकटरला करवतीचं पातं लावून. रेडिएटरच्या जाळीत गवताची कुसळं बसतात ती दर दोन तासांनी झाडायची, आणि सायलेन्सरजवळ, इंजिनखाली सुका पाला अडकला असेल तर आधी तो काढायचा मगच पुढे, मार्च-एप्रिलमध्ये ठिणगी पडली तर अख्खा डोंगर जातो. आम्ही पाण्याचे दोन कॅन बरोबर ठेवतो.

घाणेरीचं मात्र यंत्रानं समाधान होत नाही. नुसती कापली की जूनमध्ये चौपट फुटून येते. स्लॅशर फिरवल्यावर मागून दोन माणसं टिकाव घेऊन जातात, खोड जमिनीत शिरतं त्याच्या जरा खाली मूळ तोडायचं आणि गड्डा उलटा टाकायचा, मुळं वर करून. आगोटीला पहिला पाऊस पडून माती ओली झाली की हे काम सोपं जातं. पालापाचोळा जाळत नाही, भाजावळीचा, म्हणजे पेटवून जमीन भाजायचा, मोह होतो पण कलमांच्या बुडाशी तोच आच्छादन म्हणून घातला तर मे महिन्यात पाणी कमी लागतं हे स्वतः बघितलंय.

ट्रॉली छोटीच घ्या आणि तिला स्वतःचे ब्रेक असू द्या. चिरे किंवा लाकूड भरलेली ट्रॉली उतारावर सातशे किलोच्या ट्रॅक्टरला मागून ढकलत नेते, आमच्या वाडीतला एक जण असाच पाखाडीवरून खाली गेला, पाय मोडला, वाचला.

आता विनंती. दुकानदार डेमो देतात तो गावच्या मैदानावर, तिथं सगळेच ट्रॅक्टर छान चालतात. तुमच्या स्वतःच्या जमिनीवर, तुमच्या उतारावर स्लॅशर लावून तासभर चालवून दाखवा असं सांगा, नाही म्हणाला तर दुसरीकडे जा. सर्व्हिसचा माणूस किती लांबून येतो तेही विचारा, फिल्टरसाठी चार दिवस थांबायला लागलं तर हंगाम जातो. आणि कृषी विभागाला आपल्या पेपरातून सांगायचंय की अवजारं भाड्यानं देणाऱ्या केंद्रांत आमच्या भागात तरी रोटाव्हेटरच्या जोडीला स्लॅशर, फांद्यांची कुट्टी करायचं यंत्र, खड्डे खणायचं ऑगर असू द्या. छोट्या बागायतदाराला ही सगळी विकत घेणं परवडत नाही, वर्षाला दहा दिवसांसाठी लागतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं उतारावर छोटा ट्रॅक्टर चालवायचं दोन दिवसांचं प्रशिक्षण तालुक्याच्या ठिकाणी घेतलं तर मी स्वतः पहिला नाव नोंदवीन, आणि आमच्या वाडीतली चार पोरं घेऊन येईन.

एप्रिलमध्ये आमच्याकडे स्लॅशरचं काम चालू असतं. कुणाला घेण्याआधी बघायचं असेल तर आपल्या कार्यालयामार्फत निरोप द्यावा, दोन्ही बाजू दाखवीन, जेसीबी फिरवलेली पण.

आपला,
एक काजू बागायतदार
ता. लांजा, जि. रत्नागिरी