तुझ्या ट्रॅकमधला सॅक्स

बाळ,

तू पाठवलेला रॅपचा ट्रॅक ऐकला. आधी फोनवर ऐकला, मग मोठ्या स्पीकरवर लावला, आणि आज सकाळी रियाज झाल्यावर हेडफोन घालून शांतपणे परत ऐकला. शब्द एकदम भारी झालेत. बिंदू चौकातनं रात्री एकटी घरी येणाऱ्या पोरीचं जे लिहिलंयस ना, ते ऐकून तुझी आई कितीतरी वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली परत लाव. आपल्या कोल्हापुरी बोलीत लिहिलंयस ते तर मला फारच आवडलं, ते बदलू नकोस, कोण काही म्हणू दे.

पण त्यातल्या सॅक्सबद्दल, म्हणजे सॅक्सोफोनबद्दल मला बोलायचंय, आणि फोनवर तू हं हं करतीस आणि विषय बदलतीस म्हणून सविस्तर लिहितोय.

तू कुठल्यातरी जुन्या जॅझ रेकॉर्डमधला सॅक्सचा तुकडा घेतलायस आणि तो सुरुवातीपासनं शेवटपर्यंत फिरतोय, आणि त्याच्यावर तू एकसारखी बोलतीयस. नीट कान देऊन ऐक, तुकडा जिथं संपतो तिथं त्या वाजवणाऱ्याचा श्वास येतो आणि तो अर्ध्यातच कापला गेलाय. त्यानं श्वास घ्यायला जागा ठेवली होती आणि नेमकी तीच जागा तू कापलीस. आम्ही फुंकून वाजवणारी माणसं, आम्हाला हे लगेच कळतं. वरातीत दोन दोन तास वाजवताना श्वास कुठं घ्यायचा हे ठरलं नसेल तर सूर फाटतो.

दुसरं म्हणजे अल्टो सॅक्स आणि बाईमाणसाचा आवाज साधारण एकाच पट्टीत फिरतात, त्यामुळं दोघं एकदम बोलले की एकमेकांना झाकतात. तुझे निम्मे शब्द सॅक्सखाली गेलेत. म्हणून जुन्या लोकांनी काय केलं बघ. अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या अमेरिकन रॅप ग्रुपनं १९९१ ला 'द लो एंड थिअरी' हा अल्बम काढला, त्यातल्या एका गाण्यात डबल बास, म्हणजे ते उभं धरायचं मोठं तंतुवाद्य, वाजवायला साक्षात रॉन कार्टर आहे, साठच्या दशकात जॅझ ट्रंपेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या बँडमध्ये होता तोच. डबल बास कुठं खाली असतो, त्याची सगळ्यात जाड तार जेमतेम ४१ हर्ट्झला वाजते, म्हणजे वर बोलणाऱ्याला सगळी जागा मोकळी. शब्द स्वच्छ ऐकू येतो आणि खालनं बास चालत राहतो.

मग १९९३ ला गुरू नावाच्या रॅपरनं 'जॅझमॅटॅझ' काढला, तो गँग स्टार ग्रुपमधला. त्यानं नुसते तुकडे नाही घेतले, तर डोनाल्ड बर्डला ट्रंपेट घेऊन आणि रॉय एअर्सला व्हायब्रफोन, म्हणजे धातूच्या पट्ट्यांचं वाद्य, घेऊन बोलावलं, बर्ड तर पन्नासच्या दशकातला गडी. गुरूचा आवाज सपाट, चढ-उतार फार नाही, तो शांतपणे ओळी टाकतो आणि मधल्या मोकळ्या जागेत ट्रंपेट बोलतं. मला ती रेकॉर्ड सगळ्यात जास्त आवडते ती याच्यासाठी. माइल्सनंही शेवटी रॅपवाल्यांबरोबर काम केलं होतं, १९९१ च्या सप्टेंबरात तो गेला आणि १९९२ ला 'डू-बॉप' आला, इझी मो बी नावाच्या प्रोड्यूसरनं काही गाणी तर त्याच्या आधीच्या रेकॉर्डिंगवरनं पुरी केली. माइल्सचं ट्रंपेट आहे म्हणून मी ऐकतो, पण त्यात ट्रंपेट आपल्या वाटेनं जातं आणि रॅप आपल्या, दोघांची गाठच पडत नाही असं मला वाटतं.

आता तू म्हणशील पप्पा, लूप, म्हणजे असे फिरवत ठेवलेले तुकडे, तर त्यांनीही वापरले. वापरले ना. पण त्या वेळी १९८७ ला आलेलं एसपी १२०० मशीन होतं, त्याच्यात सगळं मिळून दहाच सेकंदांचा आवाज मावायचा, मग घरातल्या जुन्या रेकॉर्डमधनं एवढासा तुकडा उचलायचा आणि तोच फिरवायचा याशिवाय इलाज नव्हता. त्या अडचणीतनं त्यांनी सोनं केलं. तुझ्या लॅपटॉपला ती अडचण नाही, आणि तुझ्या घरात सॅक्स वाजवणारा बाप बसलाय.

तू शाहीर पिराजीराव सरनाईकांच्या गावात वाढलीयस, पोवाडा काय तुला सांगायला नको. शाहीर एक चौक, म्हणजे पोवाड्याचं एक कडवं, तावातावानं म्हणतो आणि मागनं झिलकरी जी जी रं जी उचलतात, तेवढ्यात शाहिराला दम मिळतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात ओळ बसते. तुझ्या ट्रॅकला झिलकरी नाही. दुसऱ्या कडव्यानंतर चार बार, म्हणजे ठेक्याची चार आवर्तनं, गप्प बस, तिथं सॅक्सला बोलू दे, आणि तो जिथं थांबेल तिथनं तू उचल. त्याची शेवटची सुरावट ज्या तोऱ्यात संपली त्याच तोऱ्यात तुझी पहिली ओळ आली पाहिजे.

आणि लय. जॅझमध्ये एका मात्रेचे दोन तुकडे सारखे नसतात, पहिला लांब आणि दुसरा आखूड, त्यालाच स्विंग म्हणतात. तुझा ड्रम कॉम्प्युटरनं सरळ रेषेत मारलाय आणि सॅक्स झुलतोय, म्हणून ऐकताना कुठंतरी खटकतं. हे मला पुस्तकातनं नाही कळलं. मुंबईच्या हॉटेलात जॅझ वाजवणारे गोव्याचे वादक पुढं हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गेले, सिनेमातली ती जुनी क्लबची गाणी वरातीत वाजवताना आमचे मास्तर ओरडायचे, सरळ वाजवू नको, झुलव. सॉफ्टवेअरमध्ये स्विंगचं बटण असतं म्हणे, ते थोडं वाढवून बघ. पण तुझं बोलणं मात्र त्याला चिकटवू नकोस, ते जरा मागं रेंगाळू दे.

हलगी टाकायची म्हणत होतीस, ती या ट्रॅकमध्ये नको. मला हलगी जीव की प्राण आहे, पण तिची काडी इतकी कडक वाजते की सगळं झुलणं मोडून जाईल. हलगीवर वेगळं गाणं कर, त्यात मीच वाजवणारे आणीन.

तर असं कर, सॅक्स काढून नुसता ड्रम, बास आणि तुझा आवाज असा ट्रॅक पाठव, व्हॉट्सॲपवर साधा नको पाठवू, वेव्ह फाइल ईमेल कर. ते चार बार रिकामे ठेव. आणि सूर कुठला आहे ते लिही, कारण आपला अल्टो ई फ्लॅटचा, म्हणजे बोटं एका सुराची धरायची आणि आवाज दुसऱ्याच सुराचा येतो, तुझं गाणं सी मायनरमध्ये असेल तर मला ए मायनरची बोटं धरावी लागतात. लग्नसराई सुरू व्हायच्या आत पाठव, नंतर मला सवड नाही मिळायची.

तुझे
पप्पा