ज्युरीचं बोलावणं

न्यू ऑर्लीन्स

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर "कोर्टाचं बोलावणं आलंय" म्हटल्याबरोबर आई गप्पच झाली. आई, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे खरं, पण इथलं नागरिकत्व घेतलं की ज्युरीचं, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या साध्या नागरिकांत बसायचं, बोलावणं टाळता येत नाही. जाऊन आले. निवड काही झाली नाही.

बाबा, ज्युरी म्हटलं की तुमचा नानावटी खटला. आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष! इथे लुइझियानात परवापरवापर्यंत ज्युरीतल्या बारापैकी दहा मतांवर माणूस जन्मभर आत जायचा. तुम्ही म्हणाल, बहुमत आहे, बिघडलं कुठे? मलाही तसंच वाटायचं. पण हा नियम आला लुइझियाना राज्याच्या 1898 च्या घटनेतून (तेव्हा तर नऊच पुरायची). काळ्यांना ज्युरीतून उघडपणे वगळणं तोवर बेकायदा ठरलं होतं. मग बसू देत एकदोघे, त्यांच्यावाचून अडायला नको, एवढी सोय करून ठेवली.

2018 मध्ये लोकांनीच मतदान करून तो काढला, 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने घटनाबाह्य ठरवला. आणि वर्षभराने तेच कोर्ट म्हणालं, ज्यांची अपिलं संपली त्यांना हे लागू नाही! वकिली डोकं म्हणतात ते हेच.

माझ्या शेजारी सत्तरीच्या एक काळ्या बाई शब्दकोडं सोडवत होत्या. पर्स पारदर्शक प्लास्टिकची. तुरुंगात भेटीला जाताना नेतात तीच, आता रोजचीच झालीय. भाचा अँगोलात आहे. "दहा-दोन," एवढंच म्हणाल्या, आपण कुणाची नापासी सांगतो तसं.

अँगोला म्हणजे अठरा हजार एकरांचा तुरुंग. पूर्वी तिथे गुलामांचे मळे होते. गुलाम जिथून आणले, तेच नाव मळ्याला पडलं. कैदी आजही शेतात राबतात, तासाला काही सेंटांवर. राज्यात काळे तिघांत एक, तुरुंगात तिघांत दोन.

दुपारी आम्हा दोघींना एकाच तुकडीत आत बोलावलं. सरकारी वकिलाने विचारलं, कुणाचा नातेवाईक तुरुंगात आहे का? बाईंनी हात वर केला. मागच्या रांगेत आणखी चार हात वर झाले. सगळे काळे. तासाभरात बाई पर्स उचलून बाहेर. माझं नाव त्यानंतर बऱ्याच वेळाने कटलं, आणि जिन्यापर्यंत पोचले तोवर त्या निघूनही गेल्या होत्या. शब्दकोडं बाकावरच राहिलं होतं, ते घेऊन आलेय.

बाबा, बीपीची गोळी चुकवू नका. रविवारी फोन करते.

तुमची,
सुमी